विश्लेषण : पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी... जगभर गाजूनही एकट्याच्या नावावर एकच अल्बम का?

दोनदा पाय आपटायचे आणि एकदा टाळी वाजवायची. हा ठेका शाळेच्या स्नेहसंमेलनात, कबड्डीच्या मैदानावर किंवा टीव्हीवरच्या क्रिकेट सामन्यात शिरूर कासारच्या पोरांनीही कधी ना कधी धरलेला असतो. तो इंग्लंडच्या ‘क्वीन’ या बँडचा, हे अनेकांना ठाऊक आहे. त्या ठेक्यावर गाणारा फ्रेडी मर्क्युरी मात्र आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत सात-आठ वर्षे वसतिगृहात राहून शिकला, आणि आयुष्यातला पहिला बँडही त्याने तिथेच केला, हे कमी जणांना माहीत असते. त्या पहिल्या बँडची एकही रेकॉर्ड निघाली नाही. पुढे कोट्यवधी रेकॉर्ड विकल्या गेल्यानंतरही पूर्णपणे एकट्याच्या नावाने त्याचा स्टुडिओ अल्बम निघाला तो एकच, १९८५ मधला ‘मिस्टर बॅड गाय’. तो फारसा चाललाही नाही. असे का झाले आणि त्या अल्बममागचा माणूस कोण होता, याचा हा आढावा.

फ्रेडीचे मूळ नाव काय?

फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. आज ते टांझानियाचा भाग आहे. वडील बोमी आणि आई जेर हे पारशी दाम्पत्य मूळचे गुजरातचे. बलसारा हे आडनावच बलसाड म्हणजे आजच्या वलसाडवरून आले. बोमी सरकारी नोकरीत, तिथल्या न्यायालयात रोखपाल होते. धाकटी बहीण काश्मिरा. घरात नोकरचाकर होते, फारुखची पारशी रिवाजाप्रमाणे नवजोतही झाली. एकूण खाऊनपिऊन सुखी, शिस्तीचे घर.

मग पाचगणीला का पाठवले?

झांझिबारमध्ये मुलाच्या शिक्षणाची सोय आईवडिलांना पुरेशी वाटेना. पाचगणी तोवर निवासी शाळांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते आणि तिथे पारशी वस्तीही जुनी होती. (‘तारे जमीन पर’मधली वसतिगृहाची शाळा आठवत असेल, तिचे चित्रीकरणही पाचगणीतच झाले आहे. ती शाळा वेगळी.) १९५५ च्या सुमारास वयाच्या आठव्या वर्षी फारुख आगबोटीने मुंबईला आला आणि तिथून पसरणी घाट चढून सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. प्रत्येक सुटीत समुद्र ओलांडून घरी जाणे शक्य नव्हते. त्यामुळे सुट्या मुंबईतल्या नातेवाइकांकडे जायच्या.

आईबापांपासून लांब वाढणारी मुले बीड जिल्ह्याला नवी नाहीत. शिरूर कासार तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा कितीतरी मुले आजी-आजोबांच्या भरवशावर किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. फारुखची परिस्थिती तशी नव्हती. त्याच्या घरच्यांनी फी भरून त्याला चांगल्या शाळेत घातले होते. पण घराची ओढ लागलेल्या आठ वर्षांच्या मुलाला फीच्या पावतीचा काय उपयोग? पुढे फ्रेडीच्या स्वभावातला जो लाजाळूपणा आणि त्याच वेळी मंचावर सगळ्यांचे लक्ष खेचून घेण्याची जी भूक सगळ्यांनी पाहिली, तिची मुळे या वसतिगृहात शोधणारे चरित्रकार बरेच आहेत.

त्याच्या तोंडात वरच्या बाजूला चार दात जास्त होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले आणि पोरांनी ठेवलेले नाव ‘बकी’. हे दात त्याने श्रीमंत झाल्यावरही काढले नाहीत, कारण त्यांना हात लावला तर आवाज बदलेल अशी त्याला भीती होती. शाळेत तो टेबल टेनिस उत्तम खेळायचा, चित्रे काढायचा, चर्चच्या गायनवृंदात गायचा. मुख्याध्यापकांच्या लक्षात आले की या मुलाला सुराची जाण आहे. त्यांनी पालकांना कळवले आणि थोडी जादा फी भरून त्याची पियानोची शिकवणी सुरू झाली. चौथ्या श्रेणीपर्यंतची परीक्षा त्याने दिली. ‘फ्रेडी’ हे नावही याच शाळेत पडले.

‘हेक्टिक्स’ बँड काय होता?

१९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून शाळेत बँड काढला आणि नाव ठेवले ‘द हेक्टिक्स’. फ्रेडीसोबत होते डेरिक ब्रँच, ब्रूस मरे, फरांग इराणी आणि व्हिक्टरी राणा. गंमत अशी की मुख्य गायक फ्रेडी नव्हता, ब्रूस मरे होता. फ्रेडी पियानो बडवायचा आणि मागून सूर लावायचा. गाणी त्यांची स्वतःची नव्हती. अमेरिकेतला लिटल रिचर्ड, इंग्लंडमधला क्लिफ रिचर्ड अशांची त्या काळात गाजलेली रॉक अँड रोल गाणी ऐकायची आणि जशीच्या तशी वाजवायची, एवढेच.

ही गाणी ऐकायची कुठे, हा प्रश्न तेव्हा साधा नव्हता. माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीने हिंदी चित्रपटसंगीतालाच दार बंद केले होते, तिथे विलायती रॉक अँड रोल कोण लावणार? देशभरातले श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले ते त्यामुळेच. फ्रेडीची ख्याती अशी होती की रेडिओवर एखादे गाणे एकदा ऐकले की तो उठून पियानोवर ते वाजवून दाखवायचा. आज मोबाइलवर तेच गाणे शंभरदा मागे नेता येते. त्याच्याकडे एकच संधी असायची.

हेक्टिक्सचे कार्यक्रम शाळेच्या समारंभांत व्हायचे आणि शेजारच्या शाळेतल्या मुलीही ते पाहायला यायच्या. चार-एक वर्षांत मुले पांगली आणि बँड संपला. व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या लष्करात वरिष्ठ अधिकारी झाले आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे त्यांनी नेतृत्व केले. डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला. फरांग इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालवले.

झांझिबारहून लंडनला जाण्याचे कारण?

पाचगणी सोडून फ्रेडी १९६३ मध्ये झांझिबारला परतला. त्याच वर्षी १० डिसेंबरला बेट स्वतंत्र झाले आणि महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली आणि अरब व भारतीय वंशाच्या हजारो लोकांची कत्तल झाली. बलसारा कुटुंब हाताला लागेल तेवढे सामान घेऊन इंग्लंडला पळाले आणि हिथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये एका छोट्या घरात राहू लागले. नोकरचाकरांच्या घरात वाढलेल्या फ्रेडीने विमानतळावर हमालीसारखी कामे केली. नंतर ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली.

या काळात तो ‘आयबेक्स’, ‘रेकेज’, ‘सोअर मिल्क सी’ अशा बँडमधून गायला. एकही वर्षभर टिकला नाही. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासोबत नवा बँड सुरू झाला. ‘क्वीन’ हे नाव फ्रेडीने सुचवले, दोन सिंह, खेकडा, पऱ्या आणि फिनिक्स पक्षी असलेले बोधचिन्हही त्यानेच काढले. त्यातले प्राणी म्हणजे चौघांच्या राशी. याच सुमारास त्याने आडनाव मर्क्युरी करून घेतले. बलसारा मागे पडले, आणि झांझिबार-पाचगणीचा विषय मुलाखतींत फारसा निघू नये असे त्याचे धोरण राहिले. दक्षिण आशियाई माणसाला रस्त्यात हटकले जाण्याचा तो काळ होता, हे त्या धोरणाकडे पाहताना विसरता येत नाही.

क्वीनचे वेगळेपण कशात होते?

१९७१ मध्ये बास वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौघे पूर्ण झाले. यात ब्रायन मे खगोलभौतिकीचा संशोधक (त्याने अर्धवट सोडलेली पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली), तर डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून डीकनने बनवलेला छोटा अँप्लिफायर क्वीनच्या कितीतरी गाण्यांत वापरला गेला. इंजिनीअरिंगच्या वसतिगृहात शोभेल असा हा उद्योग.

स्टुडिओत ही मंडळी काय करत, हे कळायला १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुरेसे आहे. गाण्यात शेकडो जणांचा कोरस असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात गाणारे तिघेच, मर्क्युरी, मे आणि टेलर. तेव्हा संगणक नव्हता. चुंबकीय टेपवर २४ समांतर पट्टे असत आणि प्रत्येक पट्ट्यावर एक आवाज भरता येई. पट्टे भरले की त्यातले काही एकत्र करून एकाच पट्ट्यावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा तिघांनी गायचे, पुन्हा उतरवायचे. असे सुमारे १८० थर चढवले गेले. टेप इतक्या वेळा यंत्रातून फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजून ती जवळजवळ पारदर्शक झाली. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी भरणारे हे गाणे रेडिओ लावणार नाही, असे कंपनीला वाटत होते. लंडनच्या एका रेडिओ निवेदकाने, केनी एव्हरेटने, ते एकाच शनिवार-रविवारी १४ वेळा लावले. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

मर्क्युरीच्या आवाजावरही अभ्यास झाला आहे. २०१६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी त्याच्या रेकॉर्डिंगचे विश्लेषण केले, तेव्हा त्याच्या गळ्यातले कंपन सेकंदाला सुमारे सात वेळा होत असल्याचे दिसले. सर्वसाधारण गायकांपेक्षा हा वेग जास्त आहे.

जुन्या रॉक अँड रोलकडे तो परत वळला का?

वळला, आणि चक्क दहा मिनिटांत. १९७९ मध्ये म्युनिकच्या हॉटेलात आंघोळीच्या टबमध्ये असताना त्याला ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ सुचले. गिटार त्याला जेमतेम येत होती, त्यामुळे गाणे मोजक्या स्वरांत बसले. हे गाणे एल्व्हिस प्रेस्ली आणि क्लिफ रिचर्ड यांच्या जुन्या धाटणीचे आहे, म्हणजे हेक्टिक्स जे वाजवत होते तेच. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले हे क्वीनचे पहिले गाणे. १८० थरांच्या गाण्याला जे जमले नाही ते या दहा मिनिटांच्या गाण्याने केले.

‘मिस्टर बॅड गाय’ का चालला नाही?

आता मूळ प्रश्न. १९८२ च्या ‘हॉट स्पेस’ या अल्बमवर डिस्कोची छाप होती आणि क्वीनचे जुने चाहते नाराज झाले. १९८४ मध्ये ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले. ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत मात्र अनेकांना ते खटकले. त्याच वर्षी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत बँडने कार्यक्रम केले. संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याबद्दल त्यांच्यावर सडकून टीका झाली आणि ती रास्तच होती. स्वतः वंशद्वेषाच्या झळा सोसलेल्या समाजातून आलेल्या गायकाने तिथे जाणे अधिकच बोचणारे होते. बँडमध्येही कुरबुरी वाढल्या होत्या.

अशा वातावरणात मर्क्युरी म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत निर्माता मॅकसोबत स्वतःचा अल्बम करत होता. सुमारे दोन वर्षे काम चालले. अकराही गाणी त्याचीच. २९ एप्रिल १९८५ रोजी अल्बम आला आणि त्याने तो आपल्या मांजरांना अर्पण केला. ब्रिटनमध्ये तो सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत पहिल्या शंभरातही आला नाही.

गाणी वाईट होती असे नाही. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ आणि ‘मेड इन हेवन’ ही याच अल्बममधली दोन गाणी त्याच्या मृत्यूनंतर क्वीनने १९९५ मध्ये नव्याने वाजवून घेतली आणि ती जास्त गाजली. आवाज तोच, चाल तीच. फरक कशाचा, तर मे यांच्या गिटारचा आणि टेलरच्या ड्रमचा. मूळ अल्बममध्ये त्या जागी सिंथेसायझर आणि यांत्रिक ठेका होता.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहीत. टाळ्यांचा तो ठेका ब्रायन मेचा, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचे, ‘रेडिओ गा गा’ टेलरचे. एकाचे गाणे दुसऱ्या तिघांच्या तावडीतून सुटले तरच अल्बममध्ये जाई. भांडणे व्हायची, पण त्या भांडणात कमअस्सल गोष्टी गळून पडत. म्युनिकमध्ये त्याला ‘नको’ म्हणणारे कोणी नव्हते.

आणि तिसरे कारण म्हणजे तारीख. अल्बमनंतर अडीच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली मैदानात ‘लाइव्ह एड’ झाले. प्रत्येक बँडला मोजून वीसेक मिनिटे. क्वीनने एक नाट्यगृह घेऊन घड्याळ लावून सराव केला होता. २१ मिनिटांत त्यांनी सुमारे ७२ हजारांचे मैदान एका हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवायला लावले. उपग्रहावरून जगभर ते दिसले. त्यानंतर लोकांना क्वीन हवा होता. एकट्या मर्क्युरीच्या अल्बमची आठवण कोणाला राहणार?

त्यानंतर त्याने एकट्याने काहीच केले नाही का?

केले, पण पूर्ण अल्बम नाही. १९८७ मध्ये त्याने ‘द ग्रेट प्रिटेंडर’ गायले. हे गाणे ‘प्लॅटर्स’ या अमेरिकी गटाचे, १९५५ चे; फारुख पाचगणीत आला त्या सुमाराचे. ते ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेले. १९८८ चा ‘बार्सिलोना’ हा अल्बम स्पॅनिश ऑपेरा गायिका मोंसेरात काबाये हिच्यासोबतचा आहे, म्हणून तो एकट्याचा धरला जात नाही.

आजार लपवला का?

१९८७ मध्ये त्याला एचआयव्हीचा संसर्ग असल्याचे निदान झाले. (२०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपटात तो लाइव्ह एडच्या आधीच मित्रांना आजाराबद्दल सांगतो. तसे घडलेले नाही. पटकथेच्या सोयीसाठी तारखा पुढे-मागे केल्या आहेत.) तेव्हा या आजारावर परिणामकारक औषधे नव्हती. एकत्रित औषधोपचार आले १९९६ मध्ये. भारतातही पहिले रुग्ण चेन्नईत १९८६ मध्ये आढळले होते आणि भीती जगभर सारखीच होती.

मेरी ऑस्टिन ही एकेकाळची प्रेयसी शेवटपर्यंत त्याची सर्वांत जवळची व्यक्ती राहिली. अखेरच्या वर्षांतला जोडीदार जिम हटन होता. हे नाते आणि आजार दोन्ही त्याने घराच्या भिंतीआड ठेवले. ब्रिटिश टॅब्लॉइड वृत्तपत्रांचे छायाचित्रकार मात्र दाराबाहेर ठाण मांडून बसायचे आणि त्याचा खंगलेला चेहरा पहिल्या पानावर छापायचे. तरी तो स्टुडिओत जात राहिला. ‘इन्युएंडो’ हा अल्बम फेब्रुवारी १९९१ मध्ये आला. त्यानंतरही स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे जमेल तेव्हा उभा राहून तो गात होता, जेणेकरून मागे राहिलेल्यांना गाणी पूर्ण करता यावीत.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून एड्स झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी त्याचे निधन झाले. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी झरतुष्ट्री पद्धतीने केला आणि नंतर दहन झाले. आयुष्यभर मागे ठेवलेले घराणे शेवटच्या दिवशी पुढे आले. अस्थी मेरी ऑस्टिनने त्याच्या इच्छेप्रमाणे गुप्त ठिकाणी ठेवल्या. ते ठिकाण आजही जाहीर नाही.

त्याने आधीच जाहीर केले असते तर जनजागृती लवकर झाली असती, अशी टीका तेव्हा झाली, आजही होते. त्या टीकेत तथ्य आहे. पण आपला आजार कधी आणि कोणाला सांगायचा हे रुग्णाने ठरवायचे, ही बाजूही तितकीच खरी. भारताने २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्स कायदा करून संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करण्यास मनाई केली. सरकारी केंद्रांत मोफत औषधे २००४ पासून मिळतात. बीडजवळ पाली इथे एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था काम करते. नातेवाइकांनी दूर लोटलेल्या मुलांना सांभाळावे लागते, म्हणजे भीती पुरती गेलेली नाही.

आज काय उरले आहे?

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीतच त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला आणि त्या पैशांतून एड्सविरोधी कामासाठी ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. चित्रपटात त्याची भूमिका करणाऱ्या रामी मलेकला ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटात पाचगणी दिसत नाही, पण तो पाहून पाचगणीत शाळा शोधत येणारे चाहते वाढले. शिरूर कासारहून अहिल्यानगर, पुणे, वाई असा तो एका दिवसाचा रस्ता आहे.

‘मिस्टर बॅड गाय’ २०१९ मध्ये मूळ टेपवरून पुन्हा मिश्रण करून नव्याने काढण्यात आला आणि मोबाइलवर तो ऐकता येतो. हेक्टिक्सची मात्र जुनी छायाचित्रे तेवढी आहेत.